नणंदेची खुर्ची

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझी तब्येत ठीक असेल असं धरून चालते. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, दादाची मुलगी शाळेत जायला लागली, आणि मी शिक्षण संपवून गेल्या वर्षी फर्ममध्ये रुजू झाले. हे तुला कुठून ना कुठून कळलं असेलच. तुला 'तू' लिहावं की 'तुम्ही', यावर मी बराच वेळ अडले होते. शेवटचं भेटलो तेव्हा मी शाळेत होते आणि 'तू' म्हणत होते. तेच पुढे चालू ठेवते. आवडलं नाही तर कळव.

पत्राचं कारण कामाचं आहे. एक मोठी कंपनी आपल्या फर्मला स्वतःत सामावून घेणार आहे, बोलणी बरीच पुढे गेली आहेत. त्यांना फर्मचा इतिहास आणि मूल्यं यांवर चार पानं हवी आहेत. दादाने ते माझ्यावर टाकलं, कारण त्याच्या मते माझं लिहिणं बरं आहे आणि मला काम कमी आहे. दुसरं खरं नाही. मूल्यं म्हणून त्याने तीन शब्दही काढून दिले: सचोटी, गुणवत्ता, बांधिलकी. हे शब्द बिस्किटाच्या पुड्यावरही चालतील, असं मी म्हटलं. तो म्हणाला, मग खपतात ना बिस्किटं.

इतिहासात तू आहेस. तुला न विचारता लिहिणं बरं दिसलं नसतं.

मला ठाऊक आहे ते एवढंच. तू आणि बाबा, दोघा भावंडांनी टायरच्या दुकानामागच्या खोलीत सुरुवात केली. माती वाळवायची एक भट्टी, एक तराजू, चाळण्यांची उतरंड आणि उसनं आणलेलं ड्रिलिंगचं यंत्र. बाबा साइटवर, तू प्रयोगशाळेत. दुकानदाराच्या मालाला कसलाही वास आला तरी तो आळ तुमच्या भट्टीवर यायचा. दारावर पाटी होती, 'जमिनीला विचारा, मालकाला नाही.' हे वाक्य कोणाचं, यावर घरात एकमत नाही. बाबा म्हणतात त्यांचं. आई म्हणते, ह्यांना इतकं नेमकं कधी सुचलंय?

परक्या माणसाला आपलं काम कळावं म्हणून मी पहिल्या पानावर असं लिहिलंय: "इमारत बांधण्याआधी आम्ही जागोजागी जमिनीत खोल भोक पाडतो. पोकळ नळीतून दगडाचा लांब दांडा वर येतो, त्याला गाभा म्हणतात. तो क्रमाने पेटीत लावून ठेवतात. त्यावरून ठरवायचं की खाली सलग कातळ आहे, की भरावात अडकलेला एखादा मोठा धोंडा. कातळावर इमारत बसते. धोंड्यावर बसवली तर आज ना उद्या कलते." यात तुला काही चुकीचं वाटलं तर सांग.

पुढे सवयी लिहिल्या आहेत, कारण मूल्यं म्हणजे नेमकं काय ते मला कळत नाही, सवयी कळतात. गाभा ओला केल्याशिवाय बघायचा नाही. रिपोर्टवर ज्याची सही, त्याने गाभा स्वतः हाताळून नोंद करायची. आणि तुझी ती पद्धत. रिपोर्ट बाहेर जाण्याआधी एक जण त्याच्या विरुद्ध बाजूला बसतो, ही इमारत खचणारच आहे असं धरून चालतो आणि प्रश्न विचारतो. त्याचं समाधान होऊन त्याची सही झाली तरच रिपोर्ट जातो. आईने याला नाव दिलं होतं नणंदेची खुर्ची. सून कितीही गुणाची असो, नणंद खोट काढणारच. ते नाव अजून चालू आहे. "आज नणंद कोण?" असं कोणीतरी विचारतं आणि दारात मावणार नाही असा मिशाळ इंजिनिअर म्हणतो, "मी." दादाला हे 'अंतर्गत तांत्रिक पुनरावलोकन' असं लिहून हवंय.

आता अवघड भाग. तू फर्म का सोडलीस, याबद्दल घरात सांगतात ते असं: पाण्याच्या टाकीच्या रिपोर्टला तू नणंद होतीस. तू सही दिली नाहीस. बाबांनी तुझ्या सहीशिवाय रिपोर्ट पाठवला. टाकी झाली आणि आजही ओळंब्यात उभी आहे. गाडी त्या रस्त्याने गेली की दादा म्हणतो, "आत्या अजून ती पडायची वाट बघतेय." बाबा हसत नाहीत, पण त्याला थांबवतही नाहीत.

हे असंच लिहू, की तुला यात काही बदलायचंय? एकीकडचं ऐकून लिहायची मला सवय नाही.

जाता जाता एक. पानांसाठी फोटो हवा म्हणून मी गोदामात जाऊन गाभ्याच्या पेट्या उघडल्या. आपल्याकडच्या दगडाचे थर सगळीकडे आडवे असतात. एकाच भोकातले थर एकदम तिरके निघाले, तर त्याची साधी कारणं काय असू शकतील? सहज विचारते आहे.

उत्तर शक्य तितकं लवकर पाठव. पानं द्यायची आहेत.

तुझी भाची


१३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. एवढ्या लांबलचक पत्राला तीन ओळी, म्हणजे आई सांगते तशीच आहेस.

पहिल्या दोन ओळी मी पानात जशाच्या तशा उतरवल्या: "टाकी उभी आहे म्हणून मी चूक ठरत नाही. मी प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर टाकीने दिलं, तुझ्या बापाने दिलं नाही." दादाने त्यांवर काट मारली. मी पुन्हा लिहिल्या. सध्या आमचं एवढंच चाललंय.

तिसऱ्या ओळीत तू दोन गोष्टी विचारल्यास. कुठलं भोक, आणि नोंद कोणी केली.

भोक रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं आहे, रस्त्याकडच्या कोपऱ्यावरचं. बाकीच्या भोकांमध्ये कातळ खूप खोल लागला. या एकात तो अचानक वर लागला. दगड लागला की आणखी बरंच खाली जायचं, हा आपला नियम. इथे ड्रिलचं टोक अडकलं, यंत्र दुसऱ्या साइटवर हवं होतं, म्हणून लवकर थांबवलं. रिपोर्टात 'कातळाचा स्थानिक उंचवटा' असं म्हटलंय आणि त्या कोपऱ्यातल्या कॉलमांचा पाया थेट त्याच्यावर ठेवलाय. मी फोटोसाठी गाभा ओला केला. कोरडा असताना तो नुसता करडा दांडा दिसतो. पाणी पडल्यावर थर वर आले, आणि ते जिन्याच्या कठड्यासारखे तिरके होते. बाकी सगळ्या पेट्या उघडल्या, सगळ्या ओल्या केल्या. सगळीकडे आडवे.

मी माझ्याच विरुद्ध बसून पाहिलं. भोक वाकडं गेलं असेल का? नाही, ते सरळ असल्याचं मोजमाप आहे. गाभा नळीत फिरला असेल का? फिरू शकतो, पण गोल फिरल्याने आडवा थर तिरका होत नाही. पेटीत चुकून दुसऱ्या साइटचा तुकडा आला असेल का? दगड तोच आहे, कणही तेच. साधं कारण एकच उरतं. तो दगड कधीतरी कोलमडलेला आहे. तो कातळ नाही, धोंडा आहे, आणि त्याच्याखाली काय आहे ते कोणी पाहिलेलं नाही. इमारतीच्या त्या बाजूला नवजात बाळांचा कक्ष यायचा आहे. हे लिहायची तांत्रिकदृष्ट्या गरज नाही, तरी लिहिलं.

त्या कोपऱ्यात २४ तारखेला काँक्रीट ओतणार आहेत.

मी पेटी दादाच्या केबिनमध्ये नेली. त्याने पाहिलं आणि झाकण लावलं. ज्या वेगाने लावलं त्यावरून कळलं की त्याला समजलंय. मग तो बोलत राहिला. एक गाभा तिरका निघाला म्हणून गेलेला रिपोर्ट परत मागवायचा, तोही सामील होण्याच्या करारावर सह्या व्हायच्या तोंडावर. कंपनीचे लोक काय म्हणतील. हे तुझं पुस्तकी खूळ आहे. तुला आत्याचं वारं लागलंय. मी सगळं ऐकून घेतलं आणि त्या कोपऱ्यावर आणखी एक भोक मागितलं.

"आणि बाबांना काय सांगणार?"

"तुला सांगितलं तेच."

"त्यांनी विचारलं, मग मला कसं दिसलं नाही, तर?"

दादाने खिडकीचा पडदा सारखा केला. तो सरळच होता.

घरच्या बातम्या राहिल्याच. आईने हल्ली घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवायचं व्रत घेतलंय. खुर्ची वीतभर सरकली तरी ओरडते. बाबांचा पेला उजव्या हाताशी, चष्मा खिडकीत. सकाळी पेपर आई मोठ्याने वाचते आणि बाबा ऐकतात. म्हणतात, तिच्या आवाजात बरं वाटतं. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर असं कोणी म्हणायला लागलं तर शंका यायला हवी होती, असं दादा गमतीत म्हणाला. लगेच त्यानेच विषय बदलला. बाबा अजून रोज फर्ममध्ये येतात. गाभ्यावर हातोडी वाजवून सांगतात, हा घट्ट, हा ठिसूळ, आणि ते बरोबर असतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर मी परत येते.

नोंद बाबांनी केली. सही त्यांची, म्हणून नियमाप्रमाणे ते स्वतः साइटवर गेले, गाभा स्वतः हाताळला. नोंदीत 'थर आडवे' असं आहे. त्या रिपोर्टला नणंद दादा होता. त्याने नोंद वाचली आणि सही केली. पेटी उघडली नव्हती.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते. फर्मच्या मूळ करारात एक कलम आहे: गेलेला रिपोर्ट परत मागवायचा तर संस्थापकाची सही लागते. संस्थापक दोन आहेत. तू सोडून गेलीस, पण तुझं नाव कधीच काढलेलं नाही. का, ते कोणी सांगत नाही. मी परत मागवण्याच्या पत्राचा मसुदा सोबत जोडलाय. तू सही केलीस तर बाबांना विचारायची गरज पडणार नाही.

मी थेट रुग्णालयाच्या इंजिनिअरला फोन करू शकते, हे तुझ्या मनात येईल. करीन, दुसरा रस्ता उरला नाही तर ओतायच्या आधी नक्की करीन. पण तो लगेच दादाला विचारणार आणि दादा सांगणार, नवीन आहे ती, काळजी करू नका. फर्मच्या शिक्क्यापुढे माझा शब्द किती टिकेल, याचा अंदाज मला आहे.

मला बाबांना विचारायचं नाहीये. कारण विचारू नकोस.

मसुद्यावर जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने खूण केली आहे.

तुझी भाची


२८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. हे पत्र आधीच लिहायला हवं होतं. त्या धावपळीत झालं नाही आणि नंतर सुचत नव्हतं.

मसुदा परत मिळाला, सही न केलेला. त्यावर तू आडवं लिहिलं होतंस: "मी पेटी पाहिलेली नाही. न पाहता सही करायला मी काही तुझा बाप नाही. त्याचे डोळे कधीपासून गेलेत? आमच्या आईचेही असेच गेले होते, मधला भाग आधी. ती पण पेला उजव्या हाताला मागायची. त्याला विचारल्याशिवाय त्याची चूक सुधारू नकोस."

मी ते दोन्ही पत्रांत लिहिलं नव्हतं. लिहिणार नव्हतेच. पेल्यावरून तू ओळखलंस. मला आधी तुझा राग आला, कारण मी तुझ्याकडे सही मागितली होती, सल्ला नाही.

काँक्रीट ओतायच्या आधीच्या रविवारी सकाळी मी पेटी गाडीत घालून घरी नेली. गाभ्याने भरलेली पेटी एकटीने उचलण्यासारखी नसते. दादा आईकडे आला होता. तो बाहेर आला, पेटी पाहिली, आणि आत पळून जाईल असं मला वाटत असताना त्याने दुसरं टोक धरलं. आम्ही ती जेवायच्या टेबलावर ठेवली. आईने खाली चादर घातली. काय आहे ते तिने विचारलं नाही.

बाबा आले. टेबलाच्या आवाजावरूनच म्हणाले, "पेटी? घरात?" मी कुठल्या भोकाची ते सांगितलं, आणि म्हटलं, बाबा, या रिपोर्टला आज मी नणंद आहे.

ते हसले. "रिपोर्ट गेला की. लग्न लागल्यावर कसली नणंद?"

"नणंद लग्न लागल्यावरच होते, बाबा."

हे त्यांना आवडलं. खुर्ची ओढून बसले, हात ओले केले, गाभ्यावरून अंगठा फिरवला. दोन तुकडे एकमेकांवर वाजवले. कातळ आहे, म्हणाले, आवाज ऐक. मी म्हटलं, आवाज चांगल्या दगडाचा आहे, त्याबद्दल वाद नाही. थर कसे आहेत?

"आडवे."

"बघून सांगताय?"

आईचा हात चादरीवर होता, तो तिथेच राहिला. दादा म्हणाला, "पुरे आता." बाबांनी त्याला गप्प बसायला सांगितलं, पण आवाज चढवला नाही. मग त्यांनी मान एका बाजूला वळवली आणि डोळ्याच्या कडेने पेटीकडे पाहिलं, पाखरू दाण्याकडे बघतं तसं. कित्येक महिने ते असं करत होते. मी समजत होते की कान देऊन ऐकताहेत. निदान, तसं समजणं मला सोयीचं होतं.

"मधलं काही दिसत नाही," ते म्हणाले. "तुझं तोंडसुद्धा नाही. कडेकडेने दिसतं. मला वाटलं, दगड आपला आहे, हाताला कळेल."

त्यांनी अंगठा पुढे केला. "दाखव."

मी त्यांचा अंगठा धरून नख थराच्या रेषेवर ठेवलं. जिथे बारीक कण संपून जाड सुरू होतात, तिथे नख किंचित अडतं. ती कड मी त्यांना खालून वरपर्यंत फिरवून दिली. एकदा, मग त्यांनी स्वतः पुन्हा. मग दुसऱ्या तुकड्यावर. त्यांनी तळहात हवेत तिरका धरला आणि विचारलं, एवढा? मी तो आणखी थोडा कलता केला.

"धोंडा आहे," बाबा म्हणाले.

दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता. तो म्हणाला की डोळ्यांचं त्याला ठाऊक होतं, आईनेच त्याला सांगितलं होतं. नणंद म्हणून बसला तेव्हा पेटी त्याच्या समोर होती, पण उघडली असती तर बापाची नोंद तपासली असं झालं असतं. बाबांनी त्याला फोन लावून द्यायला सांगितलं.

रुग्णालयाच्या इंजिनिअरशी बाबा स्वतः बोलले. मी मनात एक वाक्य तयार ठेवलं होतं, 'पूरक तपासणी आवश्यक वाटते' अशा धर्तीचं, आणि त्यांच्या कानात सांगायला पुढेही झाले. त्यांनी मला हाताने मागे सारलं. कोपऱ्यात ओतू नका, माझी चूक आहे, म्हणाले. पलीकडच्याला बहुधा गंमत वाटली. तेव्हा बाबा म्हणाले, "मी गंमत करत नाही. माझे डोळे गेलेत आणि मी ते लपवलं." घरात जे वाक्य कोणी उच्चारत नव्हतं, ते त्यांनी एका परक्या माणसाला फोनवर सांगितलं. आई स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच होती.

मग त्यांनी परत मागवण्याच्या पत्रावर सही केली. कागदावर बोट ठेवून जागा मी दाखवली.

कंपनीने बोलणी थांबवली आहेत. कायमची की तूर्त, ते कळवलेलं नाही. त्यामुळे माझी चार पानं सध्या कोणाला नको आहेत. दादा माझ्याशी कामापुरतं बोलतो, पण परवा तो नणंद होता तेव्हा त्याने प्रत्येक पेटी ओली करून घेतली, आणि त्या बिचाऱ्या मिशाळ इंजिनिअरला घाम फुटेपर्यंत सोडलं नाही. फर्म राहील की नाही, मला सांगता येत नाही. रुग्णालयाने खटला भरला नाही. उलट नवं भोक आम्हालाच पाडायला सांगितलं, फक्त त्यांचा माणूस समोर हजर राहील या अटीवर. ती अट बाबांना पसंत पडली.

साइटवर त्यांनी येऊ नये असं आईचं मत होतं. ते आले. दादा गाडी चालवत होता, बाबा पुढे, मी मागे. टाकीच्या रस्त्याने जायचं टाळून दादाने लांबचा रस्ता धरला. बाबांनी वळणावरूनच ओळखलं. म्हणाले, नेहमीच्या रस्त्याने चल. टाकी आली तेव्हा त्यांनी मान वळवून कडेने पाहिलं. दादा या वेळी काही बोलला नाही. जरा पुढे गेल्यावर बाबा मला म्हणाले, तिला लिहितेस ना, मग हे लिही: "टाकी उभी राहिली ते नशीब. तिने विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. नंतरही नव्हतं." शब्द त्यांचे आहेत, मी फिरवलेले नाहीत. तुझं नाव करारातून का काढलं नाही, तेही मी विचारलं. ते म्हणाले, मी कशाला काढू, तिने येऊन काढावं.

यंत्र त्याच कोपऱ्यावर लावलं होतं, जुन्या भोकाच्या शेजारी. रुग्णालयाचा इंजिनिअर हाताची घडी घालून उभा. बाबांसाठी कोणीतरी खुर्ची आणली, ते बसले नाहीत. त्यांनी यंत्राच्या चौकटीवर तळहात टेकवला. दगडात ड्रिल शिरलं की एकसुरी घरघर येते, ती बराच वेळ चालू होती. जुनं भोक जिथे थांबलं होतं ती खोली मागे पडली. घरघर चालूच. इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला वाटलं की मी चुकले. हा उंचवटाच आहे, थर तिरके असायला दुसरं काहीतरी कारण आहे जे मला शिकवलं गेलं नाही, आणि मी बाबांना सगळ्यांसमोर आंधळं ठरवलं ते एका सरळ दगडासाठी. मी यंत्राच्या दांड्यावरच्या खडूच्या खुणा तपासत राहिले, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

"संपला," बाबा म्हणाले.

ड्रिलरला अजून काही कळलं नव्हतं. पुढच्याच क्षणी दांडा हिसका देऊन खाली गेला, आवाज मोकळा झाला आणि भोकात सोडलेलं पाणी वर यायचं थांबलं. नळी वर काढली. तळाशी धोंड्याचा शेवटचा तुकडा होता, गोलसर पाठीचा, आणि त्याच्यामागे चिखल, त्यात विटांचे तुकडे आणि राख. कधीकाळी कोणीतरी तिथला खड्डा बुजवला होता. इंजिनिअरने हाताची घडी सोडली. त्याने कोणालातरी फोन लावला आणि बोलत लांब गेला.

बाबांनी हात पुढे केला. मी त्यांच्या तळहातावर तो चिखल ठेवला. त्यांनी तो चोळला, नाकाशी नेला, ओलावा पाहिला. मग थांबले. मला लहानपणापासून माती दाखवून रंग तेच सांगत आले होते. मी नुसतं 'करडा' म्हटलं की चिडायचे. करडा हा काय रंग झाला, कुठला करडा ते सांग.

"रंग काय?" त्यांनी विचारलं.

काळा, मी म्हटलं. वाळला की राखेच्या करड्यावर जाईल. मधे विटेचा तांबडा, आणि एका बाजूला पिवळट रेघा.

नोंद लिहिणारा बाबांच्या तोंडाकडे बघत होता, ते दुरुस्ती करतील म्हणून. बाबा त्याला म्हणाले, "लिही. ती सांगते तसं."

त्यानंतरच्या प्रत्येक नळीला मी सांगत गेले आणि तो लिहीत गेला. बाबा खुर्चीवर बसले होते. एकदाही मधे बोलले नाहीत. खाली, बाकीच्या भोकांच्या पातळीला, कातळ लागला. थर आडवे. ते मी दोनदा ओले करून पाहिले.

तू ये, असं मी लिहिणार नव्हते. तुला बोलावण्याचा हक्क मला कितपत आहे, याचा हिशेब अजून लागत नाही. पण आज सकाळी बाबांनी आईला विचारलं, तिची गाडी किती वाजता पोचते? तू येतेस असं कोणीच त्यांना सांगितलं नव्हतं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, विचारून सांगते.

तेव्हा विचारते आहे.

तुझी वाट बघणारी,
तुझी भाची